मोहरीएवढी तीट

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भारी भित्री आहे. काचेच्या जातीला भीती जन्मापासूनच चिकटलेली असते. लोखंड पडलं तर खणकन वाजतं आणि कुणीतरी उचलून ठेवतं. लाकडाला चीर गेली तरी ते कुठेतरी कामाला येतं. आम्ही एकदा हातातून सुटलो की केरातच. लोक म्हणतात, जीव मुठीत धरून जगावं लागतं. मला तर मूठसुद्धा नाही.

मी खिडकीची काच नाही आणि आरशाचीही नाही. मी आहे एक हिरवट-पिवळी गोल चकती, पाणीपुरीच्या पुरीएवढी. दुर्बिणीतून येणारा उजेड कॅमेऱ्यात शिरण्याआधी माझ्यातून जातो. गाळणी जशी चहा सोडते आणि पत्ती अडवते, तशी मी एक रंग सोडते आणि बाकीचे अडवते. मला फिल्टर म्हणतात. सध्या माझा मुक्काम एका स्टीलच्या डबीत, कापसावर आहे. माझ्या अंगावर डाव्या बाजूला एक काळा ठिपका आहे, मोहरीच्या दाण्याएवढा. त्या ठिपक्यापायी मी तीन वर्षं जी भीती सोसली, तिचीच ही गोष्ट.

तुम्ही विचाराल, काचेला कान कुठून आले? अहो, ढोल वाजला की खिडकीच्या काचा थरथरतात, त्या काय उगाच? आम्हाला सगळं ऐकू येतं. बोलता तेवढं येत नाही, आणि माझं सगळं दुःख तिथेच आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका भट्टीत झाला. मला वितळवलं, निववलं, कापलं, घासलं आणि एका खोक्यात बंद करून नाशिकला पाठवलं. खोकं उघडलं ते मोहिनीताईंनी. त्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारी बाई. जिना उतरल्यावर शंका आली तर परत वर जाऊन चौथ्यांदा ओढतील. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या, कारण माझ्याइतकं भिऊन वागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी मला दोन बोटांनी कडेलाच धरलं, उजेडाकडे करून पाहिलं आणि श्वाससुद्धा तोंड बाजूला वळवून सोडला.

मला दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायला एक झाकणाचं चक्र हवं होतं. ते नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपात भारतदादांनी केलं. लेथचा आवाज ऐकून माझी पाचावर धारण बसली होती. पण भारतदादांचा हात असा, की केसाएवढी चूक त्यांना खपत नाही. त्यांनी माझ्याभोवती ॲल्युमिनियमची कडी बसवली आणि कडीला एक बारीक खाच ठेवली.

"मॅडम, आता ही काच शंभरदा काढा आणि शंभरदा बसवा," ते म्हणाले. "जिथल्या तिथंच बसणार. इकडची तिकडं होणारच नाही."

हे वाक्य मोहिनीताईंनी मनात पक्कं धरलं. भारतदादा खोटं बोलले नव्हते, पण पुढचा सगळा घोटाळा त्या विश्वासातूनच झाला.

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागलं की दीड तासावर एक डोंगर आहे. तिथे सरकत्या पत्र्याच्या छपराखाली कॉलेजची दुर्बीण उभी असते. वर्षातून दोनदा मुलांना चंद्र दाखवायचा आणि एरवी तिच्यावर चादर टाकून ठेवायची, असा तिचा जुना संसार होता. तिथली किल्ली सगुणाबाईंकडे. त्या खालच्या पाड्यावर राहतात. झाडलोट करायची, माकडं हाकलायची आणि कुणी मुक्कामाला आलं तर नागलीची भाकरी करून घालायची, हे त्यांचं काम. मोहिनीताईंनी दुर्बिणीवरची चादर काढली आणि तिला खरं काम लावायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजातले लोक गालात हसले. सगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या विचारलं, "ताई, तुमी ह्यातून काय बघता एवढं?"

मोहिनीताईंनी सांगितलं ते मीही टेबलावरच्या खोक्यातून ऐकलं. गंगापूर रोडवर ओळीने दिवे असतात, सगळे एकाच ताकदीचे. जवळचा लख्ख दिसतो, लांबचा मिणमिणता. म्हणजे दिवा किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. आकाशातही असे दिवे असतात. काही तारे मरताना असे फुटतात, की त्यांचं तेज जवळपास एकसारखंच भरतं. असे दिवे मोजता मोजता माणसांना कळलं, की साऱ्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावंच्या गावं, एकमेकींपासून लांब चालल्या आहेत, आणि लांब जाण्याचा वेग वाढतो आहे.

"कोण ढकलतंय त्यान्ला?"

"तेच कुणाला माहीत नाही, मावशी. दिसत नाही, कळत नाही, म्हणून नाव ठेवलंय कृष्ण ऊर्जा. तिचा जोर पहिल्यापासून एवढाच आहे की काळाबरोबर बदलत गेलाय, ते मला बघायचंय. लांबचे दिवे परदेशातल्या मोठ्या दुर्बिणी मोजतात. जवळचे मी मोजणार. दोन्ही शेजारी मांडले की कळेल."

सगुणाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. भात काढून झाला की त्यांचा पाडा रिकामा होतो. लेक, जावई, भाऊबंद सगळे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि दारांना नुसत्या काटक्या लावलेल्या असतात.

"आमचा पाडा असाच पांगतो," त्या म्हणाल्या. "पन ते माघारी येत्यात. तुमचं हे पांगलेलं माघारी यायचं का नाय?"

"जोर असाच राहिला तर नाही. एक दिवस शेजारचं कुणी दिसणारसुद्धा नाही. आणि जोर कमी होत गेला तर काय होईल, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"हे आइकलं नसतं तर बरं झालं असतं," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली. मला अगदी तसंच वाटलं होतं.

माझं काम सुरू होण्याआधी एक सोपस्कार असतो. त्याला फ्लॅट घेणं म्हणतात. सूर्य मावळल्यानंतरच्या वीस मिनिटांत दुर्बिणीसमोर कोरी पांढरी चादर टांगायची आणि तिचा फोटो काढायचा. चादर सगळीकडे सारखीच पांढरी असते. म्हणून फोटोत कुठे काळपट डाग दिसला तर तो चादरीचा नसून आपल्याच काचेवरच्या धुळीचा, असं समजायचं आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तेवढी दुरुस्ती करायची. मोहिनीताईंनी खंडेनवमीच्या आठ दिवस आधी, वारा पडलेल्या एका संध्याकाळी फ्लॅट घेतला. फोटो नितळ आला. त्या दिवशी माझ्या अंगावर धुळीचा कणही नव्हता.

खंडेनवमीला भारतदादा मुद्दाम अंबडहून आले. "अवजार पुजल्याशिवाय चालवायचं नाही, मॅडम," ते म्हणाले. "आमच्याकडं साधा पानासुद्धा पुजतात." मग चक्र उघडून मला बाहेर काढलं आणि पाटावर पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. दुर्बिणीला झेंडूचा हार घातला, नळीला हळदकुंकू लावलं. "काचेला मात्र हळदकुंकू लावायचं नाही हं, मावशी," मोहिनीताईंनी बजावलं. सगुणाबाईंनी मान डोलावली आणि शब्द पाळला. हळदकुंकू त्यांनी लावलं नाहीच.

पण कॉलेजातून दहा-बारा माणसं आली होती. जो तो पाटावर वाकून बघायचा. कुणी म्हणे, काय सुरेख काच आहे. कुणी म्हणे, पाचूच जणू. कुणी म्हणे, हा तर दुर्बिणीचा डोळा. एकेक कौतुक ऐकताना सगुणाबाईंचा चेहरा उतरत गेला. एवढ्या लोकांच्या नजरा, आणि काच अशी उघडी! सगळे जेवायला बसले तेव्हा त्या एकट्याच आत आल्या. डोळ्यातलं काजळ करंगळीच्या टोकावर घेतलं आणि बाळाच्या गालाला लावतात तशी माझ्या डाव्या बाजूला, कडेच्या बऱ्याच आत, तीट लावली.

"कुनाची नजर लागू नको गं बाई," त्या पुटपुटल्या. तीट काय कुणाला सांगून लावायची असते? त्यांनी सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी घाबरलं होतं. मी त्या थंड, तेलकट ठिपक्याखाली लेकरासारखी निवांत पडून राहिले.

जेवणं झाल्यावर निघायची घाई झाली. खोलीत अंधारून आलं होतं आणि चक्र आतून काळंच होतं. भारतदादांनी मला कडीला धरून उचललं, खाच जुळवली, झाकण लावलं. तीट त्यांच्या नजरेतून सुटली. मोहिनीताई क्षणभर थांबल्या. "फ्लॅट परत घ्यायला हवा का हो?" असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तरही त्यांनीच दिलं. काच तीच, खाच तीच. पुढच्या खेपेला घेऊ.

ती पुढची खेप आलीच नाही. कॉलेज चारला सुटायचं. वाटेत ट्रकांच्या रांगा. गाडी डोंगरावर पोहोचेपर्यंत ती वीस मिनिटं निघून गेलेली असायची. कुलूप तीनदा ओढणारी बाई, आणि फ्लॅट मात्र एकदाच.

पहिला फुटलेला तारा माझ्यासमोर आला तेव्हाच मला घोटाळा कळला. कॅमेरा जुना होता आणि त्याच्या मधोमध एक मेलेली रेघ होती. ती टाळायला मोहिनीताई फुटलेला तारा नेहमी मध्यापासून जरा डावीकडे धरायच्या. म्हणजे बरोबर तिटेच्या मागे. आजूबाजूच्या ओळखीच्या ताऱ्यांचा उजेड माझ्यातून स्वच्छ पार व्हायचा. त्या फुटलेल्या ताऱ्याच्या उजेडातला थोडासा घास मात्र तीट गिळायची. तारा होता त्यापेक्षा मंद दिसायचा. मंद दिसला की कागदावर तो होता त्यापेक्षा लांब जायचा. कोट्यवधी वर्षं वाट तुडवत आलेला उजेड, शेवटच्या चार बोटांवर माझ्याच अंगावर अडखळत होता, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

मी एक प्रयत्न केला. एका दमट हवेत मी अंगावर दव धरलं. वाटलं, आता चक्र उघडतील, मला पुसतील, ठिपका दिसेल. पण मोहिनीताई हुशार. त्यांनी चक्र उघडलंच नाही. बाहेरून एक ऊब देणारी तार गुंडाळली आणि माझं दव तासाभरात उडून गेलं. त्या दिवसानंतर मी आशा सोडली आणि फक्त भीत राहिले. पावसाळ्यात छप्पर बंद असायचं, तेव्हा चार महिने तेवढी सुटका. दिवाळी आली की पुन्हा तेच. असे तीन हंगामांत एकतीस तारे झाले. एकतीसच्या एकतीस मी मंद केले.

यंदाच्या फेब्रुवारीत मोहिनीताईंनी ते एकतीस जवळचे दिवे आणि मोठ्या दुर्बिणींनी मोजलेले लांबचे दिवे शेजारी शेजारी मांडले. दुपारची वेळ होती. लॅपटॉप दुर्बिणीच्या खोलीतच होता. त्यांनी आकडा बघितला, उठल्या, दाराशी गेल्या, परत आल्या आणि पुन्हा बघितला. ढकलणाऱ्याचा जोर कमी होत चालला आहे, असं तो आकडा सांगत होता. पूर्वी होता त्यापेक्षा आज कमी. कृष्ण ऊर्जा थकते आहे. जवळचे दिवे माझ्यामुळे खोटेच लांब गेले होते, म्हणून अलीकडचं पांगणं हळू भरलं होतं.

परदेशातल्या मोठमोठ्या दुर्बिणींच्या लोकांनीही असा संशय बोलून दाखवला होताच. त्यामुळे मोहिनीताईंच्या आकड्याला कुणी हसलं नाही. उलट पत्र आलं, की तुमचे एकतीस दिवे आमच्या मोठ्या यादीत घेतो. आणि तीन आठवड्यांनी परिषद आहे, तिथे येऊन सांगा. ज्या आकड्यावर साऱ्या विश्वाचं पुढचं भविष्य मांडायचं, त्यात आता माझी तीट जाणार होती. मोहिनीताईंनी सगळा हिशेब सात वेळा केला. फक्त त्या जुन्या, नितळ फ्लॅटवर त्यांना शंका आली नाही.

कॉलेजात बातमी पोहोचली आणि सत्काराची तारीख ठरली. शाल, श्रीफळ, पाहुणे. प्राचार्यांनी दहा फुटी फ्लेक्स छापून घेतला: 'विश्वाचे रहस्य उलगडणाऱ्या नाशिकच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!' वर मोहिनीताईंचा फोटो, मागे कुठूनतरी उचललेल्या आकाशगंगा. छापखान्यातून तो फ्लेक्स भारतदादांच्या टेम्पोत टाकला आणि निरोप दिला, की दुर्बिणीशेजारी उभा करून मॅडमचा फोटो काढून आणा, पेपरला द्यायचा आहे.

तो मार्चमधला रविवार होता. भारतदादा फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन वर आले. मोहिनीताईंनी फ्लेक्स पाहिला आणि त्या तोंड फिरवून खाली बसल्या.

"काय झालं ताई?" सगुणाबाई पाणी घेऊन धावल्या.

"भीती वाटते हो मावशी. सगळं जग बघणार आता हे आकडे. कुठे काही चुकलं असेल तर?"

"आत्ता गं बया! बघू द्या की जगाला. तुमच्या यंत्राला कुनाची नजर लागायची नाय." सगुणाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मग, केवळ त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून, तीन वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली. "म्या त्या काचंला तवाच तीट लावलीया. खंडेनवमीला."

बाहेर माकडं पत्र्यावर उड्या मारत होती.

"कुठल्या काचेला, मावशी?" मोहिनीताईंनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"ती हिरवी. हळदकुंकू नाय लावलं, तुमी नको म्हनलात ना. नुसती येवढीशी तीट." त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं.

भारतदादांनी चक्राचे स्क्रू काढले. तीन वर्षांनी दिवसाचा उजेड माझ्यावर पडला. मोहिनीताईंनी मला कडीला धरून खिडकीकडे केलं. ठिपका होता तिथेच होता. त्या किती वेळ बघत राहिल्या, कोण जाणे. आता आपण सुटतो आणि फरशीवर आपटतो असं मला वाटलं.

सगुणाबाईंना बाकी काही कळलं नसेल, पण आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय एवढं कळलं. "ताई, म्या चुकले. आत्ता पुसते," असं म्हणत त्या पदराचं टोक बोटावर गुंडाळून पुढे आल्या.

"मावशी, हात लावू नका!"

मोहिनीताई इतक्या मोठ्यांदा ओरडल्या की मी थरारले. सगुणाबाई जागच्या जागी थिजल्या. तीन वर्षांत त्यांच्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं.

मग भारतदादा हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण मावशी बरोबर बोलतात. पुसून टाका. आपण तिघंच आहोत इथं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या फोटो पेपरात येईल, सत्कार होईल, कोणाला काय कळणार?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात भीतीची घटका ती. लेथ नाही, पडणं नाही, ती. कारण मोहिनीताईंनी खिशातून चष्मा पुसायचं मऊ फडकं काढलं. फडक्याचं टोक माझ्या तिटेपासून दोन बोटांवर आलं. एकदा फिरवलं असतं तर काजळ गेलं असतं, आणि त्या काजळाने किती उजेड खाल्ला ते मोजायची सोय कायमची गेली असती. एकतीस तारे परत फुटणार नव्हते. त्यांचा खरा आकडा जगात फक्त एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या अंगावरच्या त्या डागात. मला ओरडून सांगायचं होतं, नको, नको. पण काच ओरडते ती फक्त फुटताना.

फडकं थांबलं. मोहिनीताईंनी ते घडी करून खिशात ठेवलं.

"ही तीट किती उजेड खाते ते आधी मोजलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आज फ्लॅट घ्यायचा. आज मी लवकर आलेय."

पण चादर कुठे होती? ती मागच्याच पावसाळ्यात माकडांनी फाडून नेली होती. सगुणाबाईंकडे पांढरं कापड नाही, पाडा तर रिकामाच. नाशिकला जाऊन येईपर्यंत उजेड गेला असता. पश्चिमेला ढगही जमू लागले होते. मोहिनीताईंची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या गुंडाळीवर थांबली.

"भारतदादा, फ्लेक्स मागून कसा असतो?"

भारतदादांनी गुंडाळी उलगडली. मागून तो कोरा, पांढराशुभ्र होता.

मला त्या ठिपक्यासकट पुन्हा चक्रात बसवलं. खाच जुळली, जिथल्या तिथे. भारतदादा खरंच बोलले होते. छप्पर सरकवलं आणि दुर्बिणीसमोरच्या कुंपणाच्या भिंतीवर फ्लेक्स उलटा टांगला, अभिनंदन भिंतीकडे आणि कोरी बाजू दुर्बिणीकडे. वाऱ्याने हलू नये म्हणून एक कोपरा भारतदादांनी धरला आणि दुसरा सगुणाबाईंनी. सूर्य मावळला. ती वीस मिनिटं सुरू झाली. सगुणाबाई रडत होत्या, पण त्यांनी कोपरा हलू दिला नाही.

फोटो आला. सगळा पांढरा, आणि डावीकडे एक मळकट गोल सावली. मोहिनीताईंनी मोजलं. शंभरातले साडेसहा भाग उजेड तीट खात होती.

तेवढा उजेड त्यांनी एकतीस ताऱ्यांना परत दिला. आकडे पुन्हा मांडले. त्यांच्या दिव्यांपुरता तरी तो थकवा जवळजवळ नाहीसा झाला. मोठ्या दुर्बिणींना दिसलेला थकवा खरा की त्यांच्याही कुठे अशीच एखादी तीट लपलेली आहे, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मोहिनीताईंनी पत्र लिहिलं, की मी पाठवलेले आकडे चुकीचे आहेत, काचेवर काजळाचा डाग होता, दुरुस्त आकडे सोबत जोडले आहेत.

"मावशींचं नाव घातलं का?" भारतदादांनी विचारलं.

"नाही. लिहिलंय की तीन वर्षं मी फ्लॅट घेतला नाही. फ्लॅट घेणं हे काही मावशींचं काम नव्हतं."

परिषदेतलं भाषण रद्द झालं. सत्कारही रद्द झाला. प्राचार्यांनी फोनवर एवढंच विचारलं म्हणे, की हे आत्ताच सांगायची काही गरज होती का. यादीवाल्या लोकांचं दोन ओळींचं उत्तर आलं, दुरुस्त आकडे घेतो, आभारी आहोत. कौतुक तेव्हा दहा-बारा जणांनी केलं होतं. आता डोंगरावर कुणी फिरकलं नाही. मला डबीत ठेवलं. पुसलं नाही, कारण पुरावा पुसत नसतात. मोहिनीताई तेवढ्या येत राहिल्या. आल्या की डबी उघडून ठिपका आहे ना ते बघायच्या, आणि झाकण लावल्यावर तीनदा दाबायच्या.

सगुणाबाई मात्र त्या दिवसापासून खोलीचा उंबरठा ओलांडेनात. केरसुणी दाराशीच थांबायची. आणखी एक गोष्ट मी डबी उघडायची तेव्हा पाहिली. त्यांनी डोळ्यांत काजळ घालणं सोडलं होतं.

यंदाच्या खंडेनवमीला नवी काच आली. भारतदादा आले, झेंडूचा हार आला. नवी काच पाटावर ठेवली होती, माझ्यासारखीच हिरवट-पिवळी, माझ्यासारखीच घाबरलेली. मोहिनीताई दाराशी गेल्या. सगुणाबाई बाहेर पाठ करून बसल्या होत्या. मोहिनीताईंनी पर्समधून काजळाची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"नको ताई," सगुणाबाई म्हणाल्या. "माज्या हाताची मलाच भ्या वाटती."

"मलाही भीती वाटते मावशी, रोज वाटते. म्हणून तर म्हणते, तीट लावा. पण काचेला नको." मोहिनीताई उंबरठ्यावर बसल्या आणि त्यांनी केस बाजूला करून कानामागची जागा दाखवली. "इथं. काचेला मी सांभाळते, मला तुम्ही सांभाळा."

सगुणाबाईंची करंगळी काजळात बुडाली आणि कानामागे गेली. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि सहा महिन्यांनी आत आल्या.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आमच्यावर माया जरूर करा, आम्ही तिला भुकेलेल्या असतो. पण केलेली माया लपवून ठेवू नका. आणि ज्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास आहे, ती डोळे उघडून पुन्हा एकदा बघत जा. मी अजूनही भिते. डबीत काळोख आहे, आणि बाहेर ते सगळ्यांना लांब लोटणारं जे काही आहे, ते थकलंय की तसंच आहे, मला ठाऊक नाही. पण मोहिनीताई मुक्कामाला असल्या की सूर्य मावळताच भिंतीवर फ्लेक्स टांगल्याचा आवाज येतो, तेवढा वेळ मला धीर येतो. त्या आता कॉलेजातून लवकर निघतात, ती वीस मिनिटं एकदाही चुकत नाहीत. एक कोपरा सगुणाबाई धरतात, आणि मोहिनीताईंचं हार्दिक अभिनंदन भिंतीकडे तोंड करून उभं असतं.